दहा रुपये दंड, पंचवीस रुपये स्कॉलरशिप

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची कॉलेजची पोरं आपण समजतो तेवढी गरीब गाय नव्हती, आणि त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की संपादक म्हणाले, ताई, या वेळी गुडघेदुखी आणि सोसायटीचं पार्किंग राहू द्या, हाच विषय घ्या. तर घेते. आधीच सांगते, मी इतिहासाची प्रोफेसर नाही. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, धूळ झटकताना जे हाताला लागायचं ते वाचत बसायचे आणि त्यावरून बोलणीही खायचे, तेवढीच माझी पुंजी.

प्रश्न: ताई, मी एसवायबीएला आहे. '१९०० ते १९२० मधलं कॉलेज जीवन' असा प्रोजेक्ट मिळालाय आणि सर म्हणतात लोकल अँगल घे. आता ठाणे-नवी मुंबईचा लोकल अँगल मी कुठून आणू? इथे तेव्हा होतं काय?
— विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर: अगं, काही नव्हतं हाच तुझा अँगल! विद्या प्रसारक मंडळाची चेंदणीची कॉलेजं निघाली १९६९ ला. तू राहतेस तिकडे तर भातखाचरं, मिठागरं आणि आगरी-कोळ्यांची गावं, सिडको आली १९७० मध्ये आणि वाशीचा खाडीपूल त्याच्याही नंतर. म्हणजे तुझ्या गावठाणातल्या एखाद्या मुलाला कॉलेजला जायचं असतं तर आधी होडीत बसावं लागलं असतं, आणि त्याच्याही आधी मॅट्रिकपर्यंत पोचावं लागलं असतं, जे जास्त अवघड.

ठाण्यातला मुलगा मात्र नशीबवान. १६ एप्रिल १८५३ ला आपली आगगाडी सुरू झाली ती बोरीबंदर ते ठाणे, त्यामुळे रत्नागिरीच्या पोराला आगबोटीने येऊन मुंबईत कुणा नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकावी लागायची तेव्हा ठाण्याचा पोरगा आईच्या हातचं खाऊन गाडी पकडू शकत होता. गाडी कोळशाच्या इंजिनाची, खिडकीशी बसलं की सदऱ्यावर काजळी. विजेची लोकल पहिल्यांदा धावली १९२५ मध्ये, तीही व्हीटी ते कुर्ला अशी हार्बरवर. बोरीबंदरला उतरलं की काळ्या घोड्याजवळचं एल्फिन्स्टन चालत, धोबीतलावजवळचं झेवियर्सही चालत, आणि चौपाटीवरच्या विल्सनला जायचं तर ट्राम, जी आधी घोडे ओढायचे आणि १९०७ पासून विजेवर चालायला लागली.

प्रोजेक्टमध्ये या परीक्षांची नावं टाक, सर खूश होतील. मॅट्रिक, मग प्रीव्हियस, मग इंटर, मग बीए. प्रत्येक पायरीवर पोरं गळायची, आणि सगळे पेपर मुंबई युनिव्हर्सिटीचे. पुणं, कोल्हापूर, बडोदा, सगळी कॉलेजं तिलाच जोडलेली.

आणि पोरांची मतं कुठे बनायची असं विचारशील तर वर्गात कमीच. गाडीच्या डब्यात, खाणावळीत आणि वाचनालयात. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, माहितीये ना? केसरी दर मंगळवारी निघायचा. आता डोळ्यापुढे आण, संध्याकाळच्या गाडीने दमून उतरलेली चार पोरं, एकाच्या हातात अंक आणि बाकीचे मान लांब करून ऐकतायत. प्रोजेक्टचं पहिलं पान इथून सुरू कर, 'शिक्षणाचे महत्त्व' वगैरेने नको.

प्रश्न: मी नेरुळला हॉस्टेलमध्ये राहतो. मेसमध्ये व्हेज-नॉनव्हेजची टेबलं वेगळी करा म्हणून सध्या जोरदार राडा चालू आहे. बाबा म्हणतात आमच्या आजोबांच्या काळी पोरं एका ताटात जेवायची, असलं काही नव्हतं. खरंच?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर: बाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, नाही हो, असं अजिबात नव्हतं. एका ताटात सोड, एका पंगतीतसुद्धा नाही. पुण्यात विद्यार्थ्यांच्या खाणावळीला क्लब म्हणायचे, नाव ऐकून वाटतं कसलं भारी, पण क्लब म्हणजे एक आचारी, पाट मांडलेले आणि कोणत्या जातीच्या पोरांनी कोणत्या क्लबात बसायचं ते ठरलेलं. गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवायची, म्हणजे सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, आणि एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यास. त्यांची गरिबी खरीच होती, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, पण निदान त्यांना वार मागायला दारं होती.

ज्याला दारच नाही त्याचं काय? कोल्हापुरात शाहू महाराजांनी बघितलं की खेड्यातला मुलगा राजाराम कॉलेजपर्यंत येईल, पण राहील कुठे आणि जेवील कुठे, आणि त्याला बुद्धी असून उपयोग काय. म्हणून त्यांनी १९०१ मध्ये मराठा मुलांसाठी बोर्डिंग काढलं, मग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांगच लागली. आज आपण म्हणू, जातवार हॉस्टेलं? मलाही वाचताना पहिल्यांदा खटकलं होतं. पण एकत्र ठेवायचं तर एकत्र जेवायला कोण बसणार होतं, हा प्रश्न तेव्हा खराखुरा होता, आणि त्या मुलाचं वय समाज सुधारेपर्यंत थांबणार नव्हतं.

आणि मुंबईत, आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, एल्फिन्स्टनमध्ये काय होतं? भीमराव आंबेडकर १९०७ ला मॅट्रिक होऊन तिथे आले. इंटरच्या पुढे पैसे संपले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये स्कॉलरशिप दिली. म्युलर नावाच्या प्रोफेसरांनी त्यांना पुस्तकं दिली, सदरे दिले. आणि त्याच कॉलेजच्या हॉटेलवाल्याने त्यांना चहा दिला नाही, पाणीही दिलं नाही. १९१२ ला ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बीए झाले. पुढे अमेरिकेत कोलंबियाला शिकून आले, १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर म्हणून लागले, पगार ४५० रुपये. म्हणजे आता तर साहेब झाले ना? तरी स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावायला काही सहकारी प्रोफेसरांनी हरकत घेतली. प्रोफेसरांनी, हो. पोरांनी नाही.

तुमच्या टेबलांचा वाद तुम्हीच मिटवा रे, मी त्यात पडत नाही. फक्त 'पूर्वी नव्हतं' हे कारण कुणी पुढे करू नका.

प्रश्न: आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की सावरकरांना कॉलेजातून काढणारे परांजपे आणि विदेशी कपड्यांच्या होळीत त्यांच्या बाजूने उभे राहिलेले परांजपे एकच, त्यांनी इंग्रजांच्या भीतीने पलटी मारली. ग्रुपवर दोन दिवस भांडण चालू आहे, मेव्हणे लेफ्ट झाले. काय ते एकदाचं सांगा.
— एक त्रस्त सून, घोडबंदर रोड

उत्तर: अहो, दोन परांजपे! मेव्हण्यांना परत ॲड करा.

एक शिवराम महादेव परांजपे, 'काळ' साप्ताहिकाचे संपादक, तिखट लिहिणारे. दुसरे रघुनाथ पुरुषोत्तम, म्हणजे रँग्लर परांजपे, १८९९ ला केंब्रिजमध्ये गणितात पहिले आले होते, सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय, आणि १९०२ पासून फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल. महर्षी कर्व्यांचे हे मामे-आते की कसले भाऊ लागत, असं माझ्या आईच्या तोंडून नेहमी यायचं. भाऊ लागत एवढं नक्की.

आता प्रसंग. १९०५ चा ऑक्टोबर, बंगालची फाळणी जाहीर झालेली, पुण्यात दसऱ्याच्या आगेमागे विदेशी कपड्यांची होळी झाली. पुढाकार विनायक सावरकरांचा, तेव्हा ते फर्ग्युसनमध्ये बीएच्या वर्षाला. टिळक आले होते, शिवरामपंत आले होते. दुसरे परांजपे मात्र आले नव्हते, त्यांनी नंतर सावरकरांना १० रुपये दंड केला आणि हॉस्टेलमधून बाहेर काढलं. हॉस्टेलमधून, कॉलेजमधून नाही, हा फॉरवर्डमधला दुसरा घोळ. सावरकर त्याच वर्षी बीएची परीक्षा देऊन पास झाले. टिळकांनी केसरीत झोडपलं, मथळा होता 'हे आमचे गुरूच नव्हेत'. त्या मथळ्याची पोरांनी किती पारायणं केली असतील विचार करा, मला तर लायब्ररीत लेट फी लावल्यावर पोरं मनातल्या मनात हेच म्हणायची असं वाटतं.

तर रँग्लर भित्रे होते का? मला नाही वाटत. माणूस केंब्रिजची पदवी घेऊन आला होता, सरकारी कॉलेजात मजेत बसला असता. फर्ग्युसनची रीत अशी की आजीव सभासद प्रोफेसर महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं कबूल करायचे. गोखले तसेच शिकवून १९०२ मध्ये बाहेर पडले, कर्वे तसेच. कॉलेज लोकांच्या वर्गणीवर आणि सरकारच्या ग्रँटवर उभं, एक काठी वाकडी पडली तर सगळं छप्पर खाली. त्यात ते मनाने पक्के नेमस्त, पोरांनी आधी शिकावं, राजकारण समजून घ्यावं पण त्यात उडी घेऊ नये, हे गोखल्यांचंही मत. भीती असेलही थोडी, पण ते त्यांचं मतही होतं.

पण दंड चुकलाच, हे माझं म्हणणं. कारण पोरांनी कुणाला मारलं नव्हतं, आपलेच कपडे जाळले होते. आणि सरकारला हेच हवं होतं की शिक्षकांनी पोलिसाचं काम करावं. बंगालात १९०५ मध्येच कार्लाईल सर्क्युलर निघालं, पोरं आंदोलनात दिसली तर शाळेची ग्रँट बंद करू म्हणून, आणि १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांनी तसाच हुकूम देशभर धाडला. म्हणजे पुण्यात जे आपल्याच माणसाने आपणहून केलं ते दोन वर्षांनी सरकारने कागदावर आणलं.

अजून एक गोष्ट या होळीच्या वादात कुणी विचारत नाही, ती मी विचारते. दहा रुपये म्हणजे किती? प्रोफेसरचा पगार ७५ असताना दहा रुपये म्हणजे चार दिवसांचा पगार. वर सांगितलं ना, २५ रुपयांच्या स्कॉलरशिपवर महिना काढणारा विद्यार्थी? त्याला हा दंड झाला असता तर बारा दिवसांचं जेवण गेलं असतं, आणि वर्गणी काढून भरायला मागे मित्रांचा क्लबही नव्हता. मत सगळ्यांनाच असतं हो, पण ते मांडायचं बिल प्रत्येकाला वेगळं यायचं. ग्रुपवर हे टाकून बघा, अजून दोन दिवस भांडण चालेल पण जरा बऱ्या दर्जाचं.

प्रश्न: रोज स्टेशनवरून कोर्टनाक्याकडे जाताना ठाण्याच्या तुरुंगाची भिंत दिसते. नाशिकच्या जॅक्सन प्रकरणातल्या तिघांना इथेच फाशी दिलं हे माहीत आहे, पण त्यातला एक जण वकिलीचा विद्यार्थी होता असं ऐकलं. खरं आहे का?
— निवृत्त बँक कर्मचारी, खारकर आळी

उत्तर: खरं आहे, काका. कृष्णाजी गोपाळ कर्वे. मुंबई युनिव्हर्सिटीचे बीए ऑनर्स आणि पुढे एलएलबी करत होते, वय तेविशीच्या आसपास. दुसरे विनायक नारायण देशपांडे, पंचवटीतल्या शाळेत मास्तर. आणि गोळ्या झाडल्या तो अनंत कान्हेरे, औरंगाबादला शिकणारा, जेमतेम अठरा वर्षांचा. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सनची बदली झाली म्हणून त्याच्यासाठी नाटकाचा खेळ लावलेला. खटला मुंबईत चालला आणि १९ एप्रिल १९१० ला तिघांना आपल्याकडे, ठाण्यात फाशी दिलं. मधले महिने मोजा. चारसुद्धा भरत नाहीत.

मला यात नेहमी अस्वस्थ करणारी गोष्ट ही की जॅक्सन संस्कृत जाणणारा होता, त्याला लोक पंडित जॅक्सन म्हणायचे, आणि तरी विनायकरावांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकर यांना कविता छापल्याबद्दल काळं पाणी झालं त्या खटल्यामागे तोच होता. कर्व्यांच्या वयाच्या मुलांनी कॉलेजात कायदा वाचला, त्यात लिहिलेलं की बोलायचं स्वातंत्र्य वगैरे असतं, आणि बाहेर येऊन बघितलं तर कवितांना जन्मठेप. त्यांनी जे केलं त्यावर तुमचं-माझं मत काहीही असो, ते मत त्यांच्या डोक्यात कुठून आलं हे कळायला फार लांब जावं लागत नाही.

ती भिंत मुळात किल्ल्याची आहे बरं का. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि १७३७ ला मराठ्यांनी ठाणं जिंकलं. तुरुंग नंतर झाला. काका, तुम्ही रोज जाता तर नातवंडांना एकदा घेऊन जा सोबत, बाहेरून का होईना.

प्रश्न: मुली कॉलेजात जायच्या का हो तेव्हा? आमच्या सासूबाई म्हणतात आमच्याकडे सगळ्या शिकलेल्या.
— गृहिणी, खारघर

उत्तर: सगळ्या? सासूबाईंच्या आजेसासूबाईंपर्यंत जाऊन विचारा, मग आकडा खाली येईल.

जायच्या, पण हाताच्या बोटांवर. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून मुंबई युनिव्हर्सिटीची पदवी घेणारी पहिली बाई, ते १८८० चं दशक. त्यानंतर वीस वर्षांनीसुद्धा वर्गात एखाद-दुसरी मुलगी असली तर असायची, आणि शंभर डोळे तिच्या लुगड्याच्या काठाकडे. बहुतेक मुलींची लग्नंच मॅट्रिकच्या वयाआधी उरकलेली. आणि मुलांचीही, हे विसरू नका, कॉलेजात जाणारे कितीतरी नवरेच होते, घरी बायको आणि इकडे इंटरचा अभ्यास.

महर्षी कर्व्यांनी, म्हणजे अण्णांनी, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेही मराठीतून शिकवणारं. सुरुवातीला विद्यार्थिनी पाच. पाच! १९२० मध्ये ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच आपलं एसएनडीटी. तेव्हा लोक म्हणायचे बायकांना वेगळं, सोपं शिक्षण म्हणजे कमी दर्जाचं शिक्षण, आणि हे म्हणणारे सुधारकही होते, त्यांचं मत की मुलींनी मुलांच्याच कॉलेजात बसावं. मला विचाराल तर तत्त्व त्यांचं बरोबर आणि पाच मुली मात्र अण्णांकडे आल्या.

प्रश्न: कॉलेजात मराठी विषय असायचा का?
— शिक्षक, कळवा

उत्तर: युनिव्हर्सिटीने १८६० च्या दशकात मराठी वरच्या परीक्षांतून काढून टाकली होती, अभ्यासाला पुस्तकंच नाहीत म्हणून. न्यायमूर्ती रानडे वर्षानुवर्षं तिच्यासाठी भांडले आणि १९०१ च्या जानेवारीत ते गेले त्या सुमाराला एमएला कुठे तिला शिरकाव मिळाला. म्हणजे पोरं केसरी मराठीत वाचायची, भांडायची मराठीत, आणि पेपर लिहायची इंग्रजीत. तुमच्या वर्गात वेगळं काय चालतं ते मला एकदा कळवा सर, मी नाही कुणाला सांगणार.

प्रश्न: खेळबिळ काही? की नुसतीच देशभक्ती?
— एक क्रिकेटवेडा, ऐरोली

उत्तर: खेळ भरपूर! डेक्कन कॉलेजचा नदीवर बोट क्लब होता, टिळकांनी तर तिथे पहिलं वर्षच तब्येत कमवण्यात घालवलं. मुंबईत क्रिकेट म्हणजे वेड. पण संघ कसे? हिंदू, पारशी, युरोपियन, १९१२ पासून मुसलमानही. पळवणकर बाळू हिंदूंचा सगळ्यात भारी बॉलर, चांभार घरातला, मैदानावर त्याचा बॉल हातात घ्यायचे आणि पुण्यात सुरुवातीला चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात. परत तेच भांडं बघा.

प्रश्न: ताई, खरं तर हा इतिहासाचा प्रश्न नाही. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि म्हणतो सोडणार. काही बोललं की विनोबांचं उदाहरण देतो, की त्यांनी पण परीक्षा सोडली होती. मी काय उत्तर देऊ? झोप लागत नाही.
— आई, घणसोली

उत्तर: अगं बाई, आधी झोप. पोरगा विनोबांचं नाव घेतोय म्हणजे वाचतोय तरी.

झालं होतं ते असं. विनायक भावे, बडोदा कॉलेजचा विद्यार्थी, १९१६ च्या मार्चमध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईच्या गाडीत बसला, सुरतला उतरला आणि गाडी बदलून काशीला गेला. त्याआधी घरी चुलीपाशी बसून आपली सर्टिफिकेटं एकेक करून जाळली होती. आईने विचारलं, काय जाळतोयस? म्हणाला, आता यांची गरज नाही. आई म्हणाली, गरज नसेल, पण ठेवली असती तर काय बिघडलं असतं. मला या गोष्टीतली आई फार आवडते. ओरडली नाही, आणि पटलंय असंही दाखवलं नाही.

पण मुलाला पुढचं विचार. विनोबा काशीला जाऊन झोपा नाही काढल्या, संस्कृत शिकत बसले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादला कोचरबला गांधींच्या आश्रमात पोचले, तिथे भाजी चिरण्यापासून सुरुवात. म्हणजे सुरतला उतरले तेव्हा पुढच्या गाडीचं तिकीट त्यांच्या डोक्यात तयार होतं. पुढे कम्युनिस्ट पुढारी झालेले डांगेही विल्सन कॉलेजात असताना बायबलच्या सक्तीविरुद्ध पोरांना घेऊन उठले, त्यात कॉलेज सुटलं, पण माणूस रिकामा नाही बसला. आणि १९२०-२१ मध्ये असहकारात शेकड्यांनी पोरं कॉलेज सोडून बाहेर आली, त्यातली कितीतरी वर्षभरात गुपचूप परत गेली, त्यांचे पुतळे नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

तर त्याला सांग, कागदावर लिहून दे, कुठे जाणार, कोण शिकवणार, महिन्याला किती लागणार, आणि सहा महिन्यांनी काय दाखवशील. लिहिता आलं तर खरंच ऐकून घे त्याचं, बाबांनाही बसव. लिहिता नाही आलं तर म्हणावं बाळा, सेमिस्टर संपव आणि मग सुरतेचं बघू. आणि त्याची सर्टिफिकेटं सध्या तुझ्या कपाटात ठेव.

प्रश्न: आमचं चरईतलं जुनं घर रिडेव्हलपमेंटला गेलं, माळा उपसताना पणजोबांचं १९०९ चं मॅट्रिकचं सर्टिफिकेट सापडलं. त्यावर सेकंड लँग्वेज पर्शियन! घरात आता वेगवेगळ्या थिअऱ्या निघाल्यात, आत्या म्हणते आपण मूळचे हैदराबादचे नवाबांच्या पदरचे. काय समजायचं?
— नौपाडा

उत्तर: आत्यांना एकदा भेटायला आवडेल मला.

मॅट्रिकला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा घ्यावी लागायची, बहुतेक हिंदू मुलं संस्कृत घ्यायची, पण फारसीही चालायची आणि बरेच जण घ्यायचे. ठाण्यात कायस्थ प्रभूंची घरं भरपूर, पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगलेली, अशा घरांत फारसी परकी नव्हती. वकिली-मुलकी खात्यातली भाषा फारसी शब्दांनी भरलेली, वसूल, जमीन, दस्तऐवज, हे शब्द आपण आजही वापरतो. कुणाला संस्कृतचं व्याकरण झेपायचं नाही म्हणूनही घ्यायचे.

आणि एक कारण असंही की काहींना संस्कृत शिकायचं होतं पण शिकवायला कुणी तयार नव्हतं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृतच हवं होतं, जातीमुळे मिळालं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः केलं. तेव्हा सर्टिफिकेटवरच्या त्या एका शब्दामागे हौस असेल, घरची परंपरा असेल किंवा बंद झालेलं दार असेल, ते कागद सांगणार नाही. आडनाव, मूळ गाव, पणजोबा पुढे कुठल्या नोकरीला लागले, हे जोडून बघा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि आज विचारा, दिवाळीपर्यंत थांबू नका. ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुने अंक चाळायला मिळतात का बघा.

आणि हात जोडून सांगते, लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेला जुना कागद आतल्या आत पिवळा पडतो आणि मग सोडवताही येत नाही, माझ्या लायब्ररीत दोन नकाशे असे गेले, तेही माझ्याच उत्साहाने. ॲसिड-फ्री कागदाचं पाकीट मिळतं, त्यात सपाट ठेवा, घडी घालू नका, उन्हात फ्रेम लावू नका. भिंतीवर लावायला झेरॉक्स काढा आणि आत्यांना एक पाठवा.